ऐकत नाही

पहिल्या सहामाहीत मीच लिहिलं
डेल्विनच्या प्रगतिपुस्तकात, लाल शाईनं:
ऐकत नाही.

खरं तर तो पुढेच बसायचा,
माझ्या ओठांकडे टक लावून.
मी फळ्याकडे वळले की
त्याच्यापुरता वर्ग सुटायचा.

ऑगस्टात कॅथरीनहून नर्सची गाडी आली,
तीन तास धूळ खात.
तिनं त्याच्या कानात उजेड सोडला
आणि बराच वेळ बोललीच नाही.
पडद्याला भोक. दोन्हीकडे. जुनं.

"तान्हा होता तेव्हापासून वाहतोय,"
नोरीनमावशी म्हणाली.
"सांगितलं होतं आम्ही. दरवेळी थेंब दिले,
वर म्हणाले, तुमच्या मुलांचं असं असतंच."

असतंच.
दोन खोल्यांत अकरा माणसं,
एक नळ, तोही रुसलेला,
आणि कानाचा डॉक्टर विमानानं येणार
धावपट्टी सुकली तर.

डार्विनला माझ्या भाचीचा कान ठणकला,
महिन्याच्या आत नळी बसवून झाली.
गोऱ्या मुलांचं असं असतंच,
असं कुणी म्हणालं नाही तिच्या आईला.
मलाही तेव्हा ते खटकलं नव्हतं.

डेल्विन यादीत आहे. एकशे चौदावा.

काल त्याच्या पाठीमागे उभी राहून
हाक मारली मी. हळू. मग मोठ्यानं.
तो मगर रंगवत राहिला.

तेवढ्यात दारात मावशी आली,
हात जरासा उचलला,
दोन बोटं वळवली,
तोंडातून शब्द नाही.

आणि तो लगेच उठला,
दप्तर घेऊन.