दौलतगंजातला फळा

मंडळाच्या फाटकाशी पत्र्याचा काळा फळा आहे.
वरचा कोपरा गंजलेला, खालच्या कोपऱ्यात
कधीच न पुसला गेलेला एक ‘कृपया’.
पुढं काय होतं, ते आता कुणालाच आठवत नाही.
रोज साडेसातला मी तिथं बातम्या लिहिते.
अकरा वर्षं झाली. पगार नाही, खडू माझा.

तिघऱ्याचं पाणी उद्यापासून एक दिवसाआड.
भजनात सापडलेली कवळी कार्यालयात आहे,
ओळख पटवून न्यावी.
पेटीची काळी दोन बसली आहे, कारागीर मंगळवारी येईल,
म्हणजे बहुधा येणार नाही.
कु. मृण्मयी चांदोरकर, बारावीत ब्याण्णव टक्के.
तिची आई येऊन बघून गेली, म्हणाली, दशांश राहिला.
दशांश घातला.

समोर रामसेवक कुशवाहाची चहाची टपरी.
लिपी एकच, म्हणून तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवतो.
अर्धं कळतं, उरलेलं पदरचं घालतो.
एकदा मी लिहिलं, शेवड्यांची आई आता बरी आहे.
रस्ता ओलांडून आला: “आई? कहाँ से आई?”
मी म्हटलं, “यहीं थी.”
त्याला ते फार खोल वाटलं.
दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

मे महिना. लू सुटलेली, खडूसुद्धा हातात तापलेला.
फोन आला, पागनिसांचा भाडेकरू,
मागं कूलरची घरघर. म्हणाला, “दादा तो गए.”
मी विचारलं नाही, कुठं.

दुःखद निधन मी लिहीत नाही. फळा अरुंद आहे.
लिहिलं: श्री. दिगंबर पागनीस गेले.

रामसेवकानं टपरीची अर्धी फळी ओढली.
चांदोरकर हार घेऊन कुलपाशी उभे.
गंधे वकील ज्याला त्याला सांगत होते,
दोन हजार होते माझे त्याच्याकडं, पण आता
कसले मागायचे, देवमाणूस.
हेच गंधे आदल्या रविवारच्या सभेत
देवमाणसाच्या अंगावर धावून गेले होते, पंख्याच्या बिलावरून.
पागनिसांचा फोन बंद. तसा तो नेहमीच बंद.
आणि असली ओळ मी तीन दिवस पुसत नाही,
हा नियमही माझाच.

तिसऱ्या दिवशी झेलमनं ते परत आले.
टेम्पोतून उतरले, हातात पिशवी, पिशवीत
नातवाच्या मुंजीचे लाडू.
फळ्यासमोर थांबले. चष्मा वर केला, खाली केला.
मी आत खिडकीशी. बाहेर जायला पाय होईना.
त्यांनी कट्ट्यावरचा खडू उचलला,
आणि ‘पागनीस’ नि ‘गेले’ यांच्या फटीत
शाळेत शिकवतात तसं काकपद काढून
वर लिहिलं, भोपाळला.
आत येऊन म्हणाले, “बातमी बरोबर होती, बाई.
पत्ता राहिला होता.”

गंध्यांचे दोन हजार तिथंच मोजून दिले.
“मेलेल्यानं कर्ज फेडलं. लिहा उद्या.”
मी नाही लिहिलं. लिहायला हवं होतं.

जानेवारीत धुकं इतकं, की फाटकातून फळा दिसेना.
पुन्हा भाडेकरूचाच फोन, पुन्हा तेच तीन शब्द.
या वेळी मी विचारलं, कुठं.
तो गप्प राहिला. मागं कूलर नव्हता,
काहीच नव्हतं.

नाव लिहिलं. मग हात उचलून
एका शब्दाची जागा सोडली,
आणि मग, गेले.
खडू कट्ट्यावरच ठेवला.

रामसेवकानं टपरीतून वाचायला घेतलं,
मोकळ्या जागेशी आला आणि थांबला.
खाली पाण्याची वेळ राहिली होती,
पावणेसहा ते साडेसहा.
खडू परत घेतला, ती लिहिली.