दोन आणि पाच

विट्यात सकाळी पावणेसात.
पंधरा खाटांचा दवाखाना, खाली मेडिकल, वर थिएटर.
चहाच्या आधी मी मशीन तपासते.
इलाहीमामा दार ओढून घेतात,
बाहेर सांगतात, मॅडम कामात आहेत, आत्ता नको.

काळं नळकांडं, पांढरा खांदा : ऑक्सिजन.
अंगभर निळं : नायट्रस.
पण रंगाचं काय, उन्हात उडतो, कुणीही मारतं.
म्हणून बाटली जिथं अडकवायची त्या जोखडात
दोन दांड्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
ऑक्सिजनची जागा दोन आणि पाच,
नायट्रसची तीन आणि पाच.
चुकीची बाटली बसतच नाही.
माणूस झोपेत असला, नवखा असला, घाईत असला,
तरी लोखंड ऐकत नाही.

फिरकी बोटांनी ओळखायची : मोठी, खाचांची. लाइट जाते इथं.
ऑक्सिजन बंद केला की शिट्टी झाली पाहिजे,
लांबट, नकोशी.
चुन्याचे दाणे जांभळे झालेत, बदला.
काळी पिशवी फुगवून धरायची,
काटा तीसवर, दहा मोजेपर्यंत हलता कामा नये.

आज जोखडात बोट घातलं
आणि दोनच्या जागी काही नव्हतं.
नुसती पाच उरलेली.
मामा फरशीकडं बघत म्हणाले,
"बाटली बसंना, म्हणून पोरानं जरा ठोकली."

नलवडे सरांचे हात धुऊन झालेले, कोपरातून पाणी गळतंय.
"हर्निया आहे हो. वीस मिनिटं."
मी नाही म्हणाले.
दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज थोडा फुटला.

पोपट देवकर रात्रीपासून उपाशी.
सेलमला गलाईचं दुकान, बावीस वर्षं ॲसिडचा धूर छातीत.
कशानं अडलंय, विचारलं. सांगितलं, एक दांडी तुटलीय, एवढीशी.
"मग थांबू की," ते म्हणाले,
"कस लावल्याबिगर आम्ही तरी कुठं सोनं घेतोय."

नियमांचं पुस्तक परीक्षेसाठी घोकलं होतं.
तेव्हा वाटायचं, कुणी इंजिनिअरनं
टेबलाशी बसून आकडे टाकले असतील.
आता जोखडात बोट असतं तेव्हा
ओठ दिसतात, कुठल्या तरी गावाचे,
हळूहळू शाईसारखे होत गेलेले,
आणि त्यांच्याशेजारी माझ्यासारखीच कुणी
भरवशाच्या बाटलीकडं बघत.

साडेअकराला मिरजेचा बारगीर आला,
डिकीत फडक्यात गुंडाळलेलं नवं जोखड.
मी निळी बाटली मुद्दाम लावून पाहिली.
बसली नाही.
पुन्हा रेटली. नाहीच बसली.
इतका आनंद मला चालणाऱ्या गोष्टीनं क्वचित होतो.

मास्क धरला. आकडे म्हणा, म्हटलं.
देवकर आपल्याच हिशेबात शिरले :
गुंज... मासा...

तोळा आलाच नाही.
काळी पिशवी माझ्या मुठीत भरली, ओसरली,
पुन्हा भरली.