दुरुस्ती क्रमांक अडतीस

उद्यमनगरात लेथ थांबतात
तेव्हा आमचं काम सुरू होतं.
महिन्याचा शेवटचा शनिवार, रात्रीचे अकरा,
त्रेचाळीस कारखान्यांचे सर्व्हर
आणि एकसष्ट दुरुस्त्यांचं एक गाठोडं.

गाठोडं बांधायचीही रीत असते.
कोणती आधी, कोणती तिच्यावर टेकलेली,
कोणती दुसरीच्या पायात येते
ते बघून खाली-वर लावायचं, नंबर टाकायचा,
आणि फसलंच तर मागं फिरायची वाट
सगळ्यात पहिल्यांदा लिहून ठेवायची.

अडतीस नंबरची, चार ओळींची.
शिरोलीच्या फौंड्रीत कोअर बनवणारी बाई,
शिवलिंगव्वा मल्लाप्पा हिरेकुडी.
हाक मारायला बारा अक्षरं.
मशीन काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा.
त्याच्या हिशेबी तीस.
आमचा रकाना चोवीसचा.
नाव 'हि'वर तुटलं,
बँकेनं पगार परत पाठवला.

"बाई रोज येऊन दारात उभारत्यात ओ,"
फोनवर अकौंटंट घुणकीकर,
"उचल तरी किती द्यायची?"
दुरुस्ती मी नऊ तारखेलाच केली होती.
म्हटलं, पॅकमध्ये येईल. अठ्ठावीसला.
"चार ओळींना एकोणीस दिवस?"

नियम आमचाच आहे:
कारखाना बंद पडत असेल तरच सुटी दुरुस्ती.
मागं एकदा घाईनं एकटीच पाठवली होती,
तर सकाळी तीन गोदामांत
बिडाचा साठा उणे.
हे घुणकीकरांना सांगितलं. पटलं त्यांना.
ते बाईंना काय सांगत असतील, विचारलं नाही.

चाचणी घेताना आम्ही
आमचीच नावं घालायचो.
उदय नेजकर. नऊ.
सहा वर्षं मी प्रत्येक रकान्यात
ऐसपैस मावत आलो.

अकरा चाळीस. शिरोली चढलं. हिरवं.
चहा गार झालेला.
यादीत अडतीससमोर माझ्याच हातचं वाक्य:
'नावाच्या रकान्याची लांबी वाढवली. किरकोळ.'
शेवटचा शब्द खोडायला गेलो,
पण गाठ बसली होती, नंबर पडला होता,
गाठोडं त्रेचाळीस वाटांनी निघालं होतं.

आता ते पुढच्या पॅकमध्ये.