पीळ

येना शहरात, टेकडीखालच्या एका इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावरच्या भट्टीत
सतरा काचपट्ट्या पडून आहेत, पंच्याऐंशी अंशांवर.
सहा आठवडे झाले.
बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, कोणीतरी विसरून गेलंय.

हाइडरून दर मंगळवारी दार उघडते.
चिमट्याने एकेक पट्टी उचलते, गार होऊ देते,
लेझरसमोर धरते, आकडा वहीत लिहिते, पेन्सिलीने.
संगणक लिहितोच आहे, तरी लिहिते.

नऊ नंबर: एकशे अडतीस.
मग एकशे एकवीस.
मग सत्त्याण्णव.
आज त्रेसष्ट.
ये रे माझ्या मागल्या.

पट्टीवर एक थर असतो, बाटलीसारखा हिरवा,
केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ.
त्यात लांबट रेणू, एक टोक भरलेलं, एक उपाशी,
आणि प्रत्येकाचं तोंड भलतीकडे, बाजार उठल्यासारखं.
थर तापवायचा, मऊ होईपर्यंत.
मग वीज लावायची, इतकी की जरा जास्त झाली
तर सोन्याच्या पत्र्याला भोक पडतं
(चार नंबर तसाच गेला, मधोमध एक काळी चांदणी).
मग ते वळतात. सगळे नाही, पण पुरेसे.
वीज तशीच धरून थंड करायचं,
मग हळूच हात काढून घ्यायचा.

राहिले तसेच उभे, तर त्यांच्यातून जाणाऱ्या उजेडाला
वीज एका सेकंदात अब्जावधी वेळा अडवू शकते, सोडू शकते,
आणि कोणाचा तरी निरोप समुद्राखालून पोचतो.
नाही राहिले, तर ती नुसती हिरवी काच.

हाइडरून बावीस वर्षांची असताना
एक मेला भिंगांच्या कारखान्यातले सगळे चालायचे,
कोटावर लाल कार्नेशन, आणि मंचापाशी आलं की
माना उजवीकडे.
मग एका शरद ऋतूत कोणीतरी वीज काढून घेतली.
आठवड्याभरात माना सुटल्या. तिचीही सुटली,
आणि मानेला किती बरं वाटलं, ते तिला अजून आठवतं.
बापाची सुटली नाही.
मंच गेला, तिथे गाड्या लावायची जागा झाली,
तरी तो दर मेमध्ये फूल लावून
दोन गाड्यांच्या मधे जाऊन उभा राहायचा,
मान उजवीकडे. पाऊस असला तरी.
त्याला घरी आणायला तीच जायची.

आमच्या भाषेत म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.
म्हणताना आम्ही नाक मुरडतो.
तिला ही म्हण कोणी सांगितलेली नाही.
ती चाळीस वर्षं तोच पीळ शोधते आहे,
आणि सापडला तर तिला आनंद होईल की नाही,
हे तिने कधी वहीत लिहिलेलं नाही.

सतरा नंबर एमरेचा. नवा पोरगा, शिट्टी वाजवत काम करतो.
त्याने रेणूंना दोन्ही बाजूंनी हुका लावल्यात,
पोलक्याला लावतात तशा, हूक आणि आकडी.
वीज आहे तोवर वळायचं, आणि वळल्या वळल्या
शेजाऱ्यात अडकून घ्यायचं.
मग वीज गेली तर गेली.
"हे हुकमाने उभे नाहीत," तो म्हणाला,
"एकमेकांना धरून उभे आहेत."
हाइडरून म्हणाली, "सुरुवातीचा आकडा कमी आहे तुझा."
कमीच होता. एकशे चार.

मग एकशे तीन.
एकशे तीन.
एकशे तीन.

दोन हजार तास भरायला अजून सहा आठवडे आहेत,
तिच्या निवृत्तीला चार.
ती दार लावते. भट्टी पुन्हा गुणगुणायला लागते.
वही एमरेच्या टेबलावर ठेवते, मग उचलते,
मग पेन्सिलीसकट परत ठेवते.
त्याने संगणकावरून मान वर केली नाही,
आणि तिला ते बरं वाटलं.