पत्रकाचा तिसरा खर्डा

समितीने सांगितलं, दोनशे शब्दांत लिहा,
वाचून लोकांना यावंसं वाटलं पाहिजे.
पहिल्या खर्ड्यात मी 'निसर्गरम्य' लिहिलं
आणि लगेच खोडलं.
ओहोटीला खाडीचा जो वास येतो
तो रम्य म्हणून खपवता येत नाही.
दुसरा खर्डा बिवलकरांच्या खिशात धुतला गेला.

तर असं.
वाट ऐरोलीत दिवागावच्या जेट्टीपासून निघते
आणि बेलापूरला, दिवाळ्यात, होड्यांपाशी थांबते.
मधलं अंतर बिवलकरांच्या मीटरवर सव्वीस किलोमीटर,
माझ्या पावलांनी अडतीस हजार नऊशे,
उधाणाला एक चर बुडतो, तेव्हा वळसा वेगळा.

उजव्या हाताला खाडी, पण ती दिसणार नाही.
तिवरं दिसतील.
पाणी त्यांच्या पलीकडे असतं,
पडवीतल्या म्हाताऱ्यासारखं,
आधी खोकला ऐकू येतो, माणूस मागाहून.
डाव्या हाताला काचेच्या इमारती, धारण तलाव,
आणि एका रखवालदाराची खुर्ची,
तीन पाय तिचे, चौथी वीट.

पेव्हर ब्लॉक संपले की परत फिरू नका.
तेवढंच बांधून झालंय,
बाकीचं चालून चालून झालंय.
पिवळे बाण बिवलकरांनी काढलेत,
दर शनिवारी, दाढीच्या जुन्या ब्रशने.
एक बाण उलटा आहे. तो त्यांना सांगू नका.

कुणालाही जमतं.
शिरवण्याची कुंदा सत्तेचाळिसाव्या वर्षी
इथेच सायकल शिकली,
पहिल्या दिवशी ब्रेक विसरून थेट चिखलात.
एक चप्पल अजून आत आहे.
निवट्या तिच्यावर चढून ऊन खातात,
असं ती सांगते, आणि हसते.

आता ते तीनशे चाळीस पावलांचं.

एका गावाच्या पाठीमागे (नाव मुद्दाम लिहीत नाही)
वाट तुटते.
नकाशात तुटत नव्हती.
नकाशात तिथे 'मोकळी जागा' लिहिलं होतं
आणि तिच्यावरून तुटक रेघ बिनघोर गेली होती.
आम्ही तो नकाशा घेऊन गेलो, तर तिथे
पदूबाई तांडेल जवळा पसरत होती.
बिवलकरांनी नकाशा जमिनीवर उलगडला.
वाऱ्याने उडू नये म्हणून
तिनेच चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले,
उकिडवी बसून बराच वेळ बघितलं,
मग विचारलं,
"यान माजं खलं कुठं हाय?"

नव्हतं.
बिवलकर बत्तीस वर्षं आरेखक होते.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
तरी नव्हतं.

मग पदूबाईने ओल्या नखाने कागदावर एक ओरखडा ओढला,
जाळ्यांच्या बाजूने, उलट्या होडीला वळसा घालून:
"हितून जा. पन उतरून. चाकं हातान धरून."
बिवलकरांची पेन्सिल त्या नखामागून गेली.
कागदाला तिथे अजून वास आहे.

म्हणून पत्रकात मोठ्या अक्षरांत छापावं:
येथे सायकलवरून उतरावे.

मला माहीत आहे, निधी सलग मार्गालाच मिळतो.
पत्र मीही वाचलंय.
पण मी त्या जागेवरून चौदा वेळा गेले,
हँडल धरून, साखळीची टिकटिक ऐकत,
सुकत्या जवळ्याच्या कडेकडेने,
आणि एकदाही मला वाट तुटल्यासारखी वाटली नाही.
वाटलं ते एवढंच, की कुणाच्या तरी अंगणातून चाललोय,
जरा हळू चालावं.

दोनशे शब्द केव्हाच संपले.
काटछाट करायचीच तर खुर्ची काढा, चप्पल काढा,
बाण तर काढाच.

सूचना:
पाणी आणा, टोपी आणा.
पदूबाईकडून जवळा घेतलात
तर पुडी हँडलला टांगू नका,
मांजरं मागे लागतात,
पार दिवाळ्यापर्यंत.