मोजणी

जयारोग्यच्या व्हरांड्यात, मांडीवर फॉर्म घेऊन
मी तिसऱ्या प्रश्नाशी अडकलो:
मूल आधाराशिवाय किती अंतर चालते?
खाली चार चौकोन.

माझा तर हाच धंदा.
नगर निगमात बावीस वर्षं फीत ओढतोय,
लष्करातल्या निम्म्या गल्ल्यांची रुंदी तोंडपाठ.
दौलतगंजात दोन भावांचा साडेचार इंचांचा तंटा
माझ्या खडूने मिटला.

आणि शलाका.
पलंग ते मोरी, कॅलिपर चढवून, अकरा पावलं.
मोरी ते दार नऊ.
दारापुढे जिना, तिथे मी.
मागच्या दिवाळीत कुबड्या भिंतीला टेकवून
चौदा टाकली एका दमात.
चौदाव्यावर मी फरशीवर रेघ मारली.
तिची आई रोज लादी पुसते,
फडकं तेवढं रेघेला वळसा घालतं.

यंदा ती रेघेपर्यंत पोचत नाही.
उंची वाढली, वजन वाढलं,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात होतं असं.
मी मान हलवली.
घरी येऊन फीत उगाच पुन्हा पुन्हा गुंडाळली.

पाठीवरचा वण
ती दोन दिवसांची असताना माझ्या अंगठ्याएवढा होता.
आता तळहाताएवढा आहे.
तिच्याबरोबर तोही मोठा होत आला.

पाय तिचेच,
पण त्यांची खबर तिच्यापर्यंत येत नाही.
मे महिन्यात स्कूटरच्या सायलेन्सरला पोटरी टेकली,
नया बाजारापासून घरापर्यंत ती पाढे म्हणत होती.
वास आधी मला आला.
तेव्हापासून रोज रात्री हातआरसा घेऊन
स्वतःचे तळवे स्वतःच तपासते,
अनोळखी गावाचा नकाशा बघावा तशी.

नळीचंही आता तीच बघते. दर चार तासांनी.
शाळेत मधल्या सुट्टीत, दार लावून.
'बाबा, तुम्ही बाहेर थांबा.'
थांबतो.

फॉर्मचं शेवटचं पान मुलाने स्वतः भरायचं.
तिने डाव्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत करतात तसा.
तरी मी वाचलंच:
तुला शाळेत काय बदलावंसं वाटतं?
'मला पहिल्या बाकावर बसवू नका.
माझ्या मैत्रिणी शेवटच्यावर आहेत.'

मग मला मेळा आठवला.

जानेवारीत कानिटकरांकडून
त्यांच्या वडिलांची चाकांची खुर्ची उसनी आणली होती.
माझी इच्छा नव्हती.
एकदा खुर्चीत बसली की चालणं संपलं,
असं मी मनात धरून बसलो होतो.
शलाका बसली,
दोन्ही हातांनी चाकं ढकलून पाहिली, आणि हसली.

मी नव्या स्कूटरची किंमत विचारत होतो.
मागे वळलो तर
नाही.

भांड्यांची गल्ली पाहिली, पापडवाले पाहिले,
चादरींच्या ढिगांमागे पाहिलं.
पुकारा करणाऱ्याने विचारलं, काही पहचान?
मी म्हणालो, निळा स्वेटर, दोन वेण्या, अकरा वर्षं.
पायांचं सांगायचं
मला सुचलंच नाही.

सापडली मौत के कुएँपाशी.
दोन अनोळखी पोरी खुर्चीच्या दांड्यांवर लटकलेल्या,
तिघींच्या हातात सॉफ्टी, तिघींची नाकं लाल,
आत मोटरसायकल फळ्यांवर घरघरत होती.
मी ओरडलो. खूप ओरडलो.
ती शांतपणे म्हणाली,
'मेळ्यात गाड्यांवर टॅक्स कमी लागतो ना, बाबा?
मग अशीच एक माझी घेऊ.'

रात्री हिचे पाय चोळता चोळता
तिची आई म्हणाली,
अकरा वर्षांत पोरगी
पहिल्यांदा हरवली आपली.
आणि आम्ही दोघं
किती वेळ काही बोललोच नाही.

आत नाव पुकारताहेत. फॉर्म द्यायचाय.
मोजणीदाराने खोटं लिहू नये.
मी पहिल्या चौकोनात खूण केली:
दहा मीटरहून कमी.
आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं,
बारीक अक्षरात लिहिलं:
मेळ्यात एकटी. पस्तीस मिनिटं.
अंतर मोजलेलं नाही.