काटा

बेजायाच्या बंदरात, सात नंबरच्या फाटकाशी
मेझियान ट्रक मोजतो.
आधी भरलेला, मग रिकामा. वजाबाकी चिठ्ठीवर.
ड्रायव्हर विचारतात, नाक कशानं मोडलं?
म्हणतो, दार लागलं.

कुठलं दार, ते मला ठाऊक आहे.
मी धाकटा. त्याच्या हाताच्या पट्ट्या मी धुवायचो,
गच्चीवर वाळत घालायचो, साडेचार मीटर एकेक,
आणि वजनाच्या आठवड्यात
माझं ताट शेजारच्या तासदितकडे जायचं,
त्याला वाससुद्धा नको म्हणून.
जिन्यात बसून तो डब्यात थुंकत राहायचा.
एकदा दीडशे ग्रॅम उरले. केस भादरले.

तेव्हा तीनच फेऱ्या.
निळी बंडी, डोक्याला टोप, पाच पंच,
आणि रेफरीनं वर केलेला हात
अख्ख्या गल्लीचा.
दुआलाहून रौप्यपदक आलं.
आईनं ते चुलीवरच्या खिळ्याला अडकवलं,
दोन वर्षांत धुरानं पिवळं पडलं.
बघ, म्हणाली, झालं की नाही सोन्याचं.

मग मार्सेय.
बंडी गेली, टोप गेला.
आठ फेऱ्यांचे पैसे, वर रेल्वेचं तिकीट,
गाव दुसऱ्याचं, पोस्टरवर चेहरा दुसऱ्याचा,
याचं नाव तळाशी, तेही चुकवून छापलेलं.
रात्री फोनवर सांगायचा, काट्याची झाली.
आम्ही समजायचो, हरला.
अकरा जिंकल्या. तेवीस काट्याच्या.

एकदाच, लिएजला, चौथ्या फेरीत
त्यानं तिथल्या लाडक्या पोराला खाली बसवलं.
हॉल असा गप्प झाला, म्हणाला,
की माझाच श्वास मला ऐकू आला,
आणि लाज वाटली रे,
परक्याच्या लग्नात हातून परात पडावी तशी.
त्या एजंटाचा फोन पुन्हा आला नाही.

काल डबा घेऊन गेलो. फाटक रिकामं होतं.
तो केबिनमधून उतरला, बूट काढले,
मोजे काढले,
साठ टनांच्या लोखंडी पाटावर जाऊन उभा राहिला,
हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले.
आत आकडा बघ, म्हणाला.

ते यंत्र वीस-वीस किलोंच्या उड्या मारतं.
ऐंशी दाखवी, मग शंभर, पुन्हा ऐंशी.

किती?
साठ, मी म्हणालो. बरोब्बर साठ.

तो हसला नाही.
मग जेवू या, म्हणाला,
आणि पहिला घास मला दिला.